वाघाचे घर आणि आपले अंदाजपत्रक

नागपूरच्या महाराजबागेतील वाघ पाहिला नाही असा वर्धेकर विरळाच. गजांमागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड येरझारा घालणारे ते जनावर पाहून वडीलधारी मंडळी मुलांना त्याची रुबाबदार चाल कौतुकाने दाखवीत. वस्तुतः ती चाल रुबाबाची नसते. बंदिवासात कोंडलेल्या मोठ्या श्वापदाच्या मनाचा तोल ढळल्याची ती खूण असते, असे प्राणिवर्तनाचे अभ्यासक मानतात. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने महाराजबागेची मान्यता काढून घेतली, तेव्हा वृत्तपत्रांतून बरीच हळहळ व्यक्त झाली. संग्रहालय पुढे चालू राहिले. २६ जानेवारी २०२१ रोजी गोरेवाड्याच्या नव्या, विस्तीर्ण प्राणिउद्यानाचे उद्घाटनही झाले. परंतु वाघाचे घर कसे असावे आणि त्याचा खर्च कोणी, किती वर्षे सोसावा, हा प्रश्न मात्र आपण अजून नीट विचारलेला नाही.

हा प्रश्न नागपूरकरांचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरीच्या परिसरात माणसांवर हल्ले करणारी एक वाघीण पकडण्यात आली आणि आपल्या बोर व्याघ्रप्रकल्पात सोडण्यात आली. बोरचे क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटर. ती तेथे थांबली नाही. गळ्यातील रेडिओ कॉलरच्या नोंदींनुसार अडीच महिन्यांत तिने पाचशे किलोमीटरांच्या आसपास पायपीट केली. तिला ठार मारण्याचे आदेश निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर १४ ऑक्टोबर रोजी कारंजा तालुक्यातील सिंदीविहिरी शिवारात कुंपणाच्या तारेतील विजेने तिचा प्राण घेतला. अशा जनावराला पुन्हा जंगलात सोडावे तर गावकरी भयभीत, मारावे तर कायदा आडवा. उरतो तो आजन्म बंदिवास. विदर्भात हा तिसरा मार्ग अधिकाधिक अवलंबिला जात आहे. म्हणून आज पिंजऱ्यात येणारा वाघ हा पूर्वीप्रमाणे पिंजऱ्यातच जन्मलेला असेल असे नाही. कालपर्यंत तो कपाशीच्या व तुरीच्या शेतांतून रात्री हिंडत होता.

प्राधिकरणाच्या निकषांप्रमाणे वाघाच्या जोडीला खुल्या आवारासाठी किमान एक हजार चौरस मीटर जागा हवी. सातबाराच्या भाषेत दहा आर, म्हणजे जेमतेम पाव एकर. पाचशे किलोमीटर चालणाऱ्या जीवाला पाव एकर! २००३ मध्ये क्लब आणि मेसन या ऑक्सफर्डच्या संशोधिकांनी 'नेचर' या नियतकालिकात असे दाखवून दिले, की जंगलात ज्या मांसाहारी प्राण्याचा वावर जितका विस्तृत, तितके बंदिवासातील त्याच्या येरझारांचे व पिल्लांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक. जंगलाएवढी जागा कोणतेही संग्रहालय देऊ शकणार नाही, हे उघड आहे. मग रचनाकाराच्या हाती काय उरते? स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हेडिगर यांनी गेल्या शतकाच्या मध्यासच याचे उत्तर दिले होते: जागा किती यापेक्षा ती कशी आहे, हे अधिक महत्त्वाचे.

जर्मनीच्या कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गज काढून टाकले आणि त्यांच्या जागी खंदक आणले. जगभर त्याचे अनुकरण झाले. पण या सुधारणेत एक गोम होती. गज गेले ते मुख्यतः प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरचे. वाघाला हवे असते ते काही निराळेच: उंच गवत, झुडुपे, माणसाच्या नजरेपासून पूर्ण लपण्याची सोय, आवारावर नजर ठेवता येईल असा एखादा उंचवटा, पोहता येईल इतके खोल पाणी. मांजरकुळातील बहुतेक प्राणी पाणी टाळतात. वाघ त्यात मनसोक्त डुंबतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पाणी आणि दाट सावली या चैनीच्या गोष्टी राहत नाहीत. सिमेंटच्या तापलेल्या ओट्यावर हिरवी जाळी बांधून कूलर लावणे ही मलमपट्टी झाली. झाडे पंधरा वर्षे आधी लावावी लागतात. शिवाय लगतची दोन आवारे असावीत व वाघांना त्यांत आलटूनपालटून सोडावे, म्हणजे दुसऱ्याचा ताजा गंध हुंगत त्याला आपल्या हद्दीची गस्त घालण्याचे काही कारण मिळते. मात्र लपायची जागा दिली की वाघ दिसत नाही, आणि तिकीट काढलेला माणूस तक्रार करतो.

इथे माझ्या विषयाचा संबंध येतो. प्रेक्षक जे पाहतो त्यासाठीच पैसे मोजतो. सबब जे दिसते त्यावर खर्च होतो. कमान, धबधबा, सफारीची बस हा भांडवली खर्च. त्याचे उद्घाटन करता येते. रात्रनिवाऱ्यातील सरकते दार, रखवालदाराचे प्रशिक्षण, मांसाची तपासणी हा आवर्ती खर्च. त्याची फीत कोण कापणार? बंदिवासातील वाघ पंधरा-वीस वर्षे जगतो. अंदाजपत्रक मात्र एका वर्षाचे असते.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. निदान बर्ड फ्लूचे झाले व संशय खाद्यातील कोंबडीच्या मांसावर घेतला गेला. मनुष्यांशी संघर्ष झाला म्हणून ज्यांना तेथे आणले होते, त्यांतलेच हे वाघ. आवार कितीही प्रशस्त असले तरी हा मृत्यू त्याने टळला नसता. तो टाळायचा तर मांस येते कोठून, ते कोण तपासते, आजारी जनावर वेगळे कोठे ठेवतात, ही व्यवस्था आराखड्याच्या पहिल्याच पानावर हवी. वाघाच्या घराचे स्वयंपाकघर हा त्या घराचाच भाग आहे.

तेव्हा एक मागणी करावीशी वाटते. यापुढे वाघासाठी नवे आवार मंजूर करताना बांधकामाच्या रकमेइतकेच ठळकपणे त्याच्या पुढील पंधरा वर्षांच्या देखभालीची तरतूद आदेशात नमूद व्हावी आणि ती रक्कम स्वतंत्र ठेव म्हणून बाजूला काढावी. तिकिटाचे उत्पन्न पावसाळ्यात आटते, टाळेबंदीच्या काळात तर ते शून्यावर आले होते. वाघाचे खाणे मात्र त्या हिशेबाने कमी होत नाही. ठेवीइतका पैसा नसेल तर आवार एक कमी बांधावे आणि वाचलेल्या पैशातून बोरच्या भोवतालच्या शेतकऱ्यांना सौर कुंपण द्यावे. त्याचा झटका जनावराला परतवतो, मारीत नाही.