अंड्याचा जनुक सापडला नाही

डिसेंबर २००४मध्ये लाल रानकोंबडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे एक अब्ज अक्षरांच्या त्या मजकुराशी पाळीव कोंबड्यांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा जवळपास २८ लाख ठिकाणी फरक निघाले. यातलीच एखादी खूण जास्त अंडी देणारी कोंबडी पिलू असतानाच ओळखून देईल, अशी आशा तेव्हा धरली गेली. आज मागे वळून पाहता अंड्यांची संख्या ठरवणारा एकटा जनुक काही हाती लागलेला नाही, आणि त्याचा नाद सोडला तेव्हाच खुणा खऱ्या कामाला आल्या.

एकेकट्या खुणेला यश आलेच नाही असे नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांच्या खाद्यात रेपसीडची पेंड आली की अंड्याला माशाचा वास यायचा. २००५मध्ये त्याचे मूळ एफएमओ३ जनुकातल्या एका बदलात सापडले, आणि तपासणी करून तो पैदाशीच्या कळपांतून काढता आला. पण तो एका जनुकाचा दोष होता. अंड्यांची संख्या म्हणजे तलंग अंड्यावर कधी येते, सलग किती दिवस घालते, मधेच खुडूक होते का, अशा अनेक गोष्टींची बेरीज. त्यात पुन्हा खाद्य, उजेड आणि रोगराई. प्रोलॅक्टिनचेच पाहा. हे संप्रेरक वाढले की अंडाशय मंदावते आणि कोंबडी खुडूक बसते. त्याच्या जनुकाच्या आरंभाजवळ २४ अक्षरांची भर असली तर खुडूकपणा कमी, असे काही कळपांत दिसले. सगळीकडे तसे दिसले नाही. लहान कळपात योगायोगही नियमाचा आव आणतो.

म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या संशोधकांनी २००१मध्येच वेगळी वाट सुचवली होती: जनुक कोणता हे विचारूच नका, हजारो खुणांचे बारीक परिणाम एकत्र मोजा. २०१३मध्ये कोंबडीच्या सुमारे सहा लाख खुणा एका दमात वाचणारी चिप आली. तिचा मोठा लाभ कोंबड्याच्या निवडीत. तो अंडी घालत नाही, त्यामुळे सख्ख्या भावांत सरस कोण हे कळायला त्यांच्या मुली अंड्यावर येईपर्यंत थांबावे लागे. आता रक्ताचा थेंब पुरतो.

यावर कोणी म्हणेल, व्हाइट लेगहॉर्न वर्षाला तीनशे अंड्यांच्या घरात चिपशिवायच पोचली. खरे आहे. कोंबडी आत शिरताच दार पडणारे घरटे आणि वहीतल्या नोंदी यांवर ते घडले. पण चिपही त्याच नोंदींवर शिकते. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची वही होती, त्यांनाच ती फळली.

मग असील, कडकनाथ या देशी जातींनाही चिप लावा, असा आग्रह होतो. तिथे आधी प्रत्येक कोंबडीची अंडी मोजणारा माणूस हवा. ते खर्चाचे आणि कंटाळवाणे काम आहे, त्यावर शोधनिबंध निघत नाही. शिवाय अंडी वाढवायची ती कुणासाठी? पिंजऱ्यातल्या कोंबडीची अंडी बाजारात जातात आणि तिच्या जातीची पिले उबवणी यंत्रात निघतात, तिचा खुडूकपणा निव्वळ तोटा. परसात यंत्र नसते. तिथे घरची पिले खुडूक कोंबडीच काढते, आणि ती चोवीस अक्षरे तिच्यात नसली तर बरेच.