करंजी, मांडे आणि नाताळचा मिन्स पाय : खुसखुशीतपणाचे विज्ञान

पिठाच्या कणापर्यंत तूप आधी पोहोचते की पाणी, या एका गोष्टीवर त्या पिठाचा पदार्थ खुसखुशीत होणार की वातड, हे बव्हंशी ठरते. इंग्लंडमध्ये नाताळात घरोघरी भाजला जाणारा मिन्स पाय आणि जळगाव-धुळ्याकडे दिवाळीत तळली जाणारी करंजी यांची चव निराळी, आकार निराळा आणि शिजवण्याची रीतही निराळी असली, तरी पीठ, स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांचे परस्परांशी असलेले नाते दोन्हींत एकच आहे. त्यामुळे करंजीची पारी ज्या हातांना साधते, त्या हातांना मिन्स पायचे कवच अवघड जाण्याचे कारण नाही.

मिन्स पाय म्हणजे तळहातावर मावेल एवढा, मैद्याच्या कवचात सारण भरून वर झाकण लावलेला आणि भट्टीत भाजलेला गोड पदार्थ होय. त्याच्या सारणात मनुका, बेदाणे, सफरचंदाचा कीस, साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल, दालचिनी, लवंग, जायफळ, ब्रँडी आणि स्यूट, म्हणजे गुरांच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी, हे घटक परंपरेने असतात. जर्व्हेस मार्कम यांच्या १६१५ सालच्या ‘द इंग्लिश हजवाइफ’ या ग्रंथातील पाककृतीत मेंढीचे मांस हाच मुख्य घटक होता. हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या ‘द आर्ट ऑफ कुकरी’मध्ये मांस घालणे ऐच्छिक झालेले दिसते आणि पुढे ते हळूहळू सुटत जाऊन आज सारण फळांचेच उरले आहे, तर स्यूटच्या जागीही अनेकदा वनस्पतिजन्य चरबी वापरली जाते.

खान्देशात अशा इंग्लिश खाद्यप्रकारांना वाट मिळण्याची जागा म्हणजे भुसावळ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या या मोठ्या जंक्शनवरील रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत असत आणि त्या समाजाच्या नाताळात केक-पेस्ट्रीला मानाचे स्थान होते. मराठी ख्रिस्ती घरांमध्ये मात्र नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा फराळच होतो, आणि गोव्यात नाताळच्या गोडाधोडाच्या ताटात, म्हणजे कुस्वारात, करंजीचीच बहीण असलेली नेवरी असते. नाताळशी करंजीचे नाते असे महाराष्ट्रात आधीपासूनच जुळलेले आहे.

भाकरी, मांडे आणि करंजी

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी मिळून पीठ मळले गेले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेन नावाचे लवचीक जाळे तयार होते. ज्वारी-बाजरीत असे जाळे निर्माण करणारी प्रथिने नसल्यामुळे दादर ज्वारीची भाकरी पोळीसारखी लाटता येत नाही, तर ती हाताने थापावी लागते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला खान्देशातील खापरावरचे मांडे आहेत. त्यांची कणीक सढळ पाण्याचा हात लावत, आपटून आणि तिंबून इतकी सैल केली जाते की पुरण भरलेला उंडा थोडा लाटल्यावर दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणता येतो आणि मग चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडला जातो. या साऱ्या खटाटोपात ग्लुटेनचे जाळे पुरेसे तयार झालेले नसेल, तर मांडा खापरावर जाण्याआधी हातावरच फाटतो.

करंजीची पारी आणि मिन्स पायचे कवच या दोन टोकांच्या मध्ये उभे असतात. सारण धरून ठेवण्यापुरते ग्लुटेन त्यांना हवे असते, पण दाताखाली ताणले जाण्याइतके नको असते. हा मध्य साधण्याचे काम स्निग्ध पदार्थ करतो. तो पिठाच्या कणांभोवती पातळ थर धरतो, त्यामुळे नंतर घातलेले पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोहोचत नाही आणि ग्लुटेनचे धागे लांब न वाढता तुटक राहतात.

कडकडीत मोहन आणि थंड लोणी

एकच उद्दिष्ट साधण्याच्या दोन पद्धती येथे दिसतात. करंजीसाठी रवा-मैद्यात कडकडीत मोहन, म्हणजे चांगले तापवलेले तूप किंवा तेल, घालतात. ते पातळ असल्यामुळे पिठाला सर्वत्र सारखे लागते, आणि मोहन लावलेल्या पिठाचा मुटका वळला म्हणजे प्रमाण बरोबर आहे, असे समजले जाते. मिन्स पायच्या पिठात उलट फ्रिजमधले घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी चोळून त्याचा रवाळ चुरा करतात. काही कणांवर लोण्याचा थर बसतो आणि काही लोणी बारीक तुकड्यांच्या रूपात तसेच राहते. भट्टीत हे तुकडे वितळले की त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. शिवाय लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, त्याची वाफ होऊन कवच किंचित सुटे होते. तुपात पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून तुपाची पारी ठिसूळ होते, पण एवढ्याने तिला पदर सुटत नाहीत. ते हवे असतील तर तूप आणि तांदळाचे पीठ फेसून केलेला साटा पोळ्यांच्या थरांमध्ये लावून, वळकटी करून, तिचे तुकडे पुन्हा लाटावे लागतात.

थंड लोण्याची पद्धत हवामानावर अवलंबून असते. दुधातील स्निग्धांश एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. १० अंश सेल्सिअसला त्याचा निम्म्याच्या आसपास भाग घनरूप असतो, २० अंशांना सुमारे पाचवा भाग आणि ३५ अंशांच्या पुढे जवळजवळ काहीच नाही. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा लोणी पिठात चोळताच वितळून तेलकट गोळा होतो; डिसेंबरात मात्र धुळे-जळगावात पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते आणि सकाळच्या वेळी लोणी सहज घट्ट राहते. वर्षाचा बराच काळ उष्ण असलेल्या प्रदेशात कडकडीत मोहनाची रीत रुजावी, हे त्यामुळे स्वाभाविकच आहे.

सारणातील पाणी

पदार्थ किती दिवस टिकेल, हे त्यात एकूण पाणी किती यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येण्याजोगे पाणी किती, यावर ठरते. या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात आणि शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ धरली जाते. बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९० च्या खाली थांबते, बुरशी त्याहून बरीच खाली तग धरते, आणि ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. मिन्स पायच्या सारणात साखर व सुकामेवा पाणी बांधून ठेवतात, फळांतील आम्ल आणि ब्रँडीतील मद्यार्क त्यांना साथ देतात, म्हणून ते बंद बरणीत कित्येक आठवडे मुरत ठेवता येते. करंजीच्या सारणातील सुके खोबरे, भाजलेला रवा, खसखस, चारोळी आणि पिठीसाखर यांत पाणी मुळातच फार कमी असते.

जेथे जलक्रियाशीलता अधिक असते तेथून पाणी कमी असलेल्या भागाकडे सरकत राहते. मिन्स पायचे ओलसर सारण आपले पाणी कोरड्या कवचाला देते आणि तो काही दिवसांतच मऊ पडतो. करंजीत सारण आणि पारी दोन्ही कोरडी असल्यामुळे ती घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे खुटखुटीत राहते. जळगावचे केळे मिन्स पायमध्ये घालण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु पिकलेल्या केळ्यात सुमारे ७५ टक्के पाणी असते. ते सुकवून, बारीक चिरून, मनुका-खारकांच्या जोडीनेच वापरावे.

करंजी तळतानाही पाण्याचाच हिशेब असतो. तेल फार तापले तर पृष्ठभागावर प्रथिने आणि साखर यांच्यातील मायार अभिक्रिया वेगाने होऊन रंग लवकर येतो, पण आतील पाणी बाहेर पडलेले नसते आणि दुसऱ्या दिवशी करंजी मऊ पडते. म्हणून मंद आचेवर, बुडबुडे ओसरेपर्यंत तळणे शास्त्रशुद्ध ठरते. भट्टीतील हवा तेलापेक्षा सावकाश उष्णता देते, त्यामुळे मिन्स पायला २०० अंशांवर सुमारे २० मिनिटे लागतात.

घरी करून पाहणाऱ्यांनी २०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम थंड लोणी, चिमूटभर मीठ आणि गोळा जेमतेम जमेल एवढे दोन-तीन चमचे गार पाणी घ्यावे, पीठ न तिंबता अर्धा तास थंड जागी ठेवावे आणि मगच लाटावे. घरच्या सायीच्या लोण्यात विकतच्या लोण्यापेक्षा पाणी अधिक राहते, म्हणून ते दाबून निथळून घ्यावे आणि वरचे पाणी कमी करावे.

स्वस्त खुसखुशीतपणासाठी बाजारात वनस्पती तूप वापरले जाते. निकेलच्या सान्निध्यात तेलाशी हायड्रोजनचा अर्धवट संयोग घडवला की ते घट्ट होते, पण त्यात ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात, जी रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व स्निग्ध पदार्थांतील अशा औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली आहे. साजूक तूप आणि लोणी यांतही संपृक्त मेद भरपूर असतो, त्यामुळे प्रमाण राखणे आवश्यकच आहे; तथापि करंजी असो वा मिन्स पाय, सणापुरत्या पदार्थासाठी लोणी किंवा साजूक तूप वापरणे आणि विकतचा पदार्थ घेताना वेष्टनावरील ट्रान्स मेदाचा आकडा वाचणे, हेच शहाणपणाचे आहे.