मैल्याची नळी बदलण्यापूर्वी खर्चाचा हिशेब मांडा



विहिरीवरची मोटार जळेल, गाडीची धाव झिजेल, वळवाच्या वाऱ्यात गोठ्याचे पत्रे उडतील, या खर्चाची तजवीज आपण मनाशी करून ठेवलेली असते. परंतु संडासापासून खड्ड्यापर्यंत जमिनीखालून गेलेली नळी कोणाच्याच हिशेबात नसते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती आठवतही नाही. आठवते केव्हा, तर घरात लग्नकार्य निघालेले असते, पाहुण्यांनी पडवी भरलेली असते आणि नेमके त्याच दिवशी संडासाच्या भांड्यात पाणी तुंबते तेव्हा. मग घाईघाईने गवंडी बोलावला जातो. तो म्हणतो, "सगळी लाईन काढून नवी टाकावी लागेल." आपण अडचणीत असतो, म्हणून मान डोलावतो.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. त्यानंतरच्या पाच वर्षांत खेड्यापाड्यांतून लाखो संडास उभे राहिले आणि पात्र कुटुंबांना १२,००० रुपयांचे साहाय्यही मिळाले. त्या संडासांना आता बरीच वर्षे झाली आहेत. नळ्या दबल्या, खड्डे भरले, चेंबरचे गिलावे सुटले. म्हणून हा प्रश्न आज ना उद्या पुष्कळ घरांपुढे येणार आहे. तो येण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. नळीला लागणारा पैसा थोडा असतो. अधिक पैसा खणण्यात, फोडण्यात आणि फोडलेले पुन्हा बसवण्यात जातो. म्हणून दोष कोठे आहे हे कळल्याशिवाय कुदळ मारू नये, आणि मारायचीच तर एकदाच मारावी.

दोष नळीचा की खड्ड्याचा?

पाणी तुंबले म्हणजे नळीच बिघडली असे नव्हे. घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता, याची परीक्षा होते. संडास आणि खड्डा यांच्या मध्ये चेंबर असेल तर त्याचे झाकण उघडा. चेंबर काठोकाठ भरलेले दिसले तर अडथळा त्याच्या पुढे, म्हणजे खड्ड्याच्या बाजूला आहे. चेंबर कोरडे आणि भांडे मात्र तुंबलेले असेल तर अडथळा घराच्या बाजूला आहे. बादलीभर पाण्यात थोडी नीळ कालवून भांड्यात ओता आणि चेंबरमध्ये ती किती वेळाने, कशी येते ते पाहा. निळे पाणी धारेने आले तर नळी मोकळी आहे. थेंबथेंब आले तर ती चोंदली आहे. बादली ओतूनही फारसे काही आलेच नाही आणि भांडेही तुंबले नाही, तर पाणी वाटेत जमिनीत मुरते आहे. नळी फुटली किंवा सांधा सुटला असे समजावे.

चेंबर भरलेले असेल तर आणखी एक विचार करा. तक्रार फक्त श्रावण-भाद्रपदात येते आणि दिवाळीनंतर आपोआप मिटते का? तसे असेल तर दोष नळीचा नाही. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, खड्ड्यातले पाणी मुरायला जागा उरत नाही, म्हणून ते उलटे फिरते. अशा वेळी नवी नळी टाकून काहीच साधणार नाही.

दोन खड्ड्यांच्या संडासात तर पुष्कळदा चेंबरमधल्या एका विटेचे काम असते. या संडासात एक खड्डा वापरात आणि दुसरा बंद ठेवायचा असतो. पाच-सहा माणसांच्या घरात, मापाने बांधलेला एक खड्डा साधारण पाच वर्षे पुरतो. तो भरला की चेंबरमधली त्याची वाट वीट लावून बंद करायची आणि दुसऱ्याची उघडायची. पण कित्येक घरांत बांधतानाच दोन्ही वाटा उघड्या राहिल्या. दोन्ही खड्डे एकदम भरतात, एकालाही विसावा मिळत नाही, आणि मालक म्हणतो नळी खराब झाली! आणि ज्यांच्याकडे एकच खड्डा आहे, त्यांनी सगळी नळी उकरण्यापेक्षा शेजारी तीन-साडेतीन फूट अंतर सोडून दुसरा खड्डा घ्यावा आणि मध्ये चेंबर बांधावे. तो खर्च एकदाच होतो आणि पुढे मैला उपसण्याचा खर्च कायमचा वाचतो.

पैसा जातो कशात?

आता समजा, नळी खरोखरच फुटली आहे. संडासापासून खड्डा ३० फुटांवर आहे असे धरून हिशेब मांडू. चर दीड फूट रुंद आणि सरासरी दोन फूट खोल धरला तर खोदाई ९० घनफूट होते. आपल्याकडे १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे हे काम एक ब्रासालाही थोडे कमीच. नळीखाली चार इंच वाळू अंथरायची तर १५ घनफूट वाळू लागेल. नळीचे १० फुटी तीन तुकडे, दोन-तीन जोड आणि वळणावर एक चेंबर लागेल. या ३० फुटांपैकी १० फूट नळी फरशीखालून जात असेल तर १५ चौरस फूट फरशी उचलावी लागेल आणि पुन्हा बसवावी लागेल.

हे आकडे कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे आपल्या गावचा आजचा दर मांडा. बहुतेक घरांत असे दिसेल की नळीपेक्षा मजुरी, फरशी, सिमेंट आणि मातीची वाहतूक यांची बेरीज जड आहे. म्हणून बचत कोठे करायची हेही तेथेच कळते. चर खणणे आणि बुजवणे हे काम घरची माणसे करू शकतात. नळी बसवणे आणि उतार धरणे मात्र जाणकार गवंड्याकडेच द्यावे. नळी स्वस्तातली घेऊन बचत करू नये.

पीव्हीसी नळी विकत घेताना तिच्यावरचा छाप वाचा. घरातून मैला आणि सांडपाणी नेणाऱ्या नळीसाठी आय. एस. १३५९२ हे भारतीय मानक आहे. त्यात 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार येतात. 'ए' प्रकार हवा खेळण्यासाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो, त्याची भिंत पातळ असते. मैल्यासाठी 'बी' प्रकारच लागतो. लांबवर जमिनीखालून जाणाऱ्या मैल्याच्या नळीसाठी आय. एस. १५३२८ हे वेगळे मानक आहे. दुकानात "दोन्ही सारखेच" असे ऐकवले तरी छाप पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. संडासासाठी नळी ११० मिलिमीटर, म्हणजे आपण चार इंची म्हणतो ती घ्यावी.

उतार, वळण आणि माती

नळी पुन्हा तुंबू नये यासाठी उतार बरोबर हवा. शहरात टाकीतले भरपूर पाणी एकदम सुटते, तेथे ४० फुटांस एक फूट उतार चालतो. आपल्याकडे लोटा-दोन लोटे पाण्यावर काम चालते. अशा संडासाला १५ फुटांस एक फूट उतार ठेवावा. म्हणजे खड्डा ३० फुटांवर नेला तर नळीचे दुसरे टोक दोन फूट खाली जाते, आणि खड्डाही तितका खोल खणावा लागतो. खड्डा जवळ असला की खोदाई, नळी आणि खोली तिन्ही वाचतात. उतार डोळ्यांनी मोजू नका. गवंड्याजवळची पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरली की फरक इंचात कळतो.

काटकोनी वळण देऊ नये. वळावेच लागले तर तेथे चेंबर बांधावे, म्हणजे पुढेमागे बांबू घालून नळी साफ करता येते. चेंबरचे झाकण मातीखाली गाडू नका. ते सापडत नाही म्हणून अर्धे अंगण खणलेली घरे थोडीथोडकी नाहीत.

काळ्या जमिनीत विशेष काळजी घ्यावी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्या ओढाताणीत नळीचे सांधे सुटतात. म्हणून नळीच्या खाली आणि भोवती वाळू किंवा बारीक मुरूम भरावा. दगडगोटे, विटांचे तुकडे नळीवर थेट लोटू नयेत. गाडी किंवा ट्रॅक्टर जाण्याची वाट असेल तर नळी अडीच-तीन फूट खोल घ्यावी, नाहीतर तिच्यावर काँक्रीट टाकावे. वड, पिंपळ, उंबर यांच्या मुळ्या ओलाव्याच्या शोधात सांध्यातून आत शिरतात. नळी त्यांच्यापासून दूर न्यावी.

हे काम कार्तिक-मार्गशीर्षात काढणे चांगले. तेव्हा माती फार कडक झालेली नसते आणि जमिनीतले पाणीही उतरू लागते. चर चार फुटांहून खोल जात असेल तर काळ्या मातीत आधार दिल्याशिवाय आत उतरू नये. कड ढासळायला वेळ लागत नाही.

विहीर आधी, नळी नंतर

फुटलेल्या नळीचा खरा खर्च कधी कधी दवाखान्यात भरावा लागतो. जमिनीत मुरलेले मैल्याचे पाणी विहिरीत किंवा कूपनलिकेत उतरले की जुलाब, कावीळ, विषमज्वर घरात येतात, आणि पहिला फटका लहान मुलांना बसतो. म्हणून नवी आखणी करताना खड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान ५० फूट दूर आणि विहिरीच्या उताराच्या बाजूला, म्हणजे खालच्या अंगाला ठेवावा. जमिनीत थोड्या खोलीवर भेगाळलेला खडक असेल तर आणखी दूर जावे, कारण भेगांतून घाण न गाळताच वाहते. नळाची पाइप आणि मैल्याची पाइप एका चरात घालू नका. एकमेकींना ओलांडायची वेळ आली तर पिण्याच्या पाण्याची वर आणि मैल्याची खाली असावी.

मोरीचे आणि न्हाणीचे पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडू नये. खड्डा लवकर भरतो तो त्यामुळेच. ते पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळी-आळूला द्यावे. घरातल्या बायाबापड्यांनीही ध्यानात ठेवावे की चिंध्या, पॅड, प्लॅस्टिक, भांडी घासलेली राख यांना संडासाची वाट दाखवू नये. ॲसिड आणि फिनेल वारेमाप ओतल्याने मैला कुजवणारे जंतू मरतात.

खड्ड्यात माणूस उतरवू नका

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सेप्टिक टाकीत साचलेला विषारी वायू माणसाला दोन श्वासांत बेशुद्ध करतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, आणि एका घरातून अनेक तिरड्या निघतात. चार पैसे वाचतील म्हणून एखाद्या गरिबाला दोर बांधून आत सोडणे हे पाप तर आहेच, गुन्हाही आहे. २०१३ च्या कायद्याने असे धोक्याचे काम कोणाकडूनही करून घेण्यास मनाई आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी. तिचे भाडे आधीच वर्षाच्या खर्चात धरावे.

दोन खड्ड्यांच्या संडासाला हा धोका आणि हा खर्च दोन्ही नाहीत. बंद केलेला खड्डा निदान वर्षभर, जमल्यास दीड-दोन वर्षे तसाच राहू द्या. आत कोरडे, वास नसलेले सोनखत तयार होते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचे महत्त्व कोकणात स्वतः राबून पटवून दिले. ते १९७१ मध्ये गेले, पण त्यांचा हिशेब आजही खरा आहे.

ठराव कागदावर करा

काम उक्ते द्या की रोजंदारीवर, कागद करा. चराची लांबी व खोली, नळीचा छाप, चेंबर किती, फरशी परत कोण बसवणार, उरलेली माती कोण उचलणार, हे सारे त्यात यावे. दोन गवंड्यांचे अंदाज घ्या, आणि ते एकाच मापावर आहेत ना ते पाहा. नळी गावच्या रस्त्याखालून जात असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. चर बुजवण्यापूर्वी नळीचे खालचे तोंड बंद करून ती पाण्याने भरा. तासाभरात पाणी उतरले तर सांधा गळतो आहे. ही परीक्षा होईपर्यंत शेवटचा हप्ता हाती ठेवा.

आणि काम झाले की एक लहानसा नकाशा काढा. घराच्या कोपऱ्यापासून चेंबर किती पावलांवर, खड्डा किती पावलांवर, कोणता खड्डा कोणत्या साली सुरू केला, हे त्यावर लिहून सात-बाराच्या कागदांबरोबर ठेवा. पुढच्या पिढीला दहा ठिकाणी खणावे लागणार नाही.