खाऊची कविता आणि अभ्यस्त शब्द

'कुरकुरीत', 'खुसखुशीत' या अभ्यस्त शब्दांना व्याकरणात अनुकरणवाचक म्हणतात. त्यांत चावण्याचा आवाज आहे. 'लुसलुशीत' मात्र कोणत्या आवाजाचे अनुकरण करतो? येथे ध्वनी स्पर्शाचे काम करतो. बालकवितेतील खाऊ असा अर्थाआधी जिभेवर येतो. समजा, एखाद्या बडबडगीतात सावेडीतील मूल ग्रीक 'झाझिकी' मिटक्या मारीत खाते आहे. पदार्थ दही, काकडी, लसूण यांचा, म्हणजे आपल्या कोशिंबिरीचाच सोयरा. नाव मात्र 'झणझणीत'च्या कुळातले वाटते आणि घास थंडगार लागतो! विनोद या विसंगतीत आहे. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणणाऱ्या विंदा करंदीकरांनीच 'राणीची बाग' (१९६१) हा बालकवितासंग्रह लिहिला. अशी कविता तात्पर्यावर तपासू नये. आपल्या घरातील मुलांच्या बोलण्यातून असे पाच शब्द नोंदवा आणि मोठ्याने उच्चारून पाहा.