‘टेन्शन सोड, पोट आपोआप बरं होईल’

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याचा आजार झालेल्या माणसाला हा सल्ला लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुठंही फुकट मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण आत एक आरोप असतो : तुझा स्वभावच असा, म्हणून तुला हे झालं. म्हणजे शौचावाटे रक्त जातंय, आठवड्यात चार किलो वजन उतरलंय, आणि वर स्वतःच्या स्वभावाबद्दल ओशाळायचंही!

गंमत अशी की हे खापर रुग्णाच्या माथी पहिल्यांदा डॉक्टरांनीच फोडलं. १९३० च्या सुमारास काही मनोविकारतज्ज्ञांनी कोलायटिसचं मूळ मनात शोधायला सुरुवात केली. पुढे शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर यांनी ज्या सात आजारांना मनोकायिक ठरवलं, त्यात दमा आणि संधिवाताबरोबर हाही होता. रुग्ण परावलंबी असतो, राग गिळतो, आईपासून सुटलेला नसतो, असं गंभीरपणे लिहिलं जाई. १९९० मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’त अशा १३८ अभ्यासांची झडती घेतली गेली. बहुतेकांची पद्धतच सदोष निघाली, आणि जे थोडे नीट केलेले होते त्यांत मनोविकाराचा आणि कोलायटिसचा संबंध सापडला नाही. ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. लिफ्टपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

घडतं ते असं. आतड्यात जिवाणूंची वस्ती असतेच, आणि एरवी शरीर ती खपवून घेतं. या आजारात प्रतिकारशक्ती ते खपवून घेणं सोडते आणि आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात. यात अनुवंशाचा वाटा आहे; क्रोन्सशी निगडित पहिलं जनुक २००१ मध्ये सापडलं. वातावरणाचाही वाटा आहे, मात्र एकच एक कारण अजून हाती लागलेलं नाही. कॉलोनोस्कोपीत व्रण डोळ्यांना दिसतात, शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन नावाचं, सूज दाखवणारं प्रथिन मोजता येतं. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी सूज उतरवणाऱ्या कॉर्टिसोनची चाचणी छापली आणि कोलायटिसच्या तीव्र झटक्यातले मृत्यू पुढे झपाट्याने कमी झाले. चिंतेवर कॉर्टिसोनचा उतारा कुणी ऐकलाय?

ताणाचा काहीच संबंध नाही, असंही नाही. मुळात आजार असलेल्याला ताणाच्या काळात त्रास उसळू शकतो. पण उलटी बाजू फारशी कुणी बघत नाही. २०२१ च्या एका मोठ्या आढाव्यात या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत चिंतेची आणि चौथ्या हिश्श्यात नैराश्याची लक्षणं आढळली. आजार उसळलेला असताना प्रमाण आणखी जास्त. का नसावं? मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं, एसटीतही नसतं. मग माणूस निघण्याआधी काही खात नाही, लग्नाचं आमंत्रण टाळतो, नवी नोकरी घेताना पगाराआधी अंतर विचारतो. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात या रुग्णांचं जगणं मोजायला १९८० च्या दशकात ३२ प्रश्नांची प्रश्नावली बनवली गेली. त्यात जुलाबाबरोबर थकव्याबद्दल विचारतात, ओशाळं वाटण्याबद्दल विचारतात, आणि जवळ शौचालय नाही म्हणून कार्यक्रमाला जाणं टाळलं का, हेही विचारतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने तर २००५ मध्ये कायदाच केला : अशा रुग्णाला अचानक घाई झाली, तर ठरावीक अटींवर दुकानदाराने नोकरांचं शौचालय वापरू द्यायचं. क्रोन्स असलेल्या एका शाळकरी मुलीला दुकानात नकार मिळाला होता, त्यातून तो आला. ‘टेन्शन घेऊ नकोस’पेक्षा हे कितीतरी उपयोगी.

बाकीचे समज भराभर उरकतो.

‘हा गोऱ्यांचा आजार.’ लुधियाना भागात घरोघरी जाऊन केलेल्या, २००३ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात आलेल्या पाहणीत लाखामागे ४४ जणांना कोलायटिस आढळला.

‘रक्त पडतंय, म्हणजे मूळव्याधच.’ असेलही; पण न तपासता मलम लावत वर्ष घालवू नका.

‘दिसायला तर ठणठणीत आहे.’ सूज आतड्यात असते, गालावर नाही. आणि आजार शांत असतानाही थकवा टिकून राहू शकतो.

‘वडापाव सोडला की बरा होईल.’ त्रास उसळलेला असताना तिखट-तळलेलं टाळून आराम पडतो, खरं आहे. पथ्याने कोलायटिस मुळापासून जातो, हे मात्र खरं नाही.

‘आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?’ या समजाची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. मेसालामाइन घेणाऱ्या, आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णांचा २००३ चा अमेरिकन अभ्यास आहे : गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणांचा आजार शांत राहिला, चुकवणाऱ्यांपैकी फक्त ३९ टक्के जणांचा.

‘करिअर संपलं.’ शिंझो आबे यांना किशोरवयापासून कोलायटिस होता. २००७ मध्ये त्यांनी जपानचं पंतप्रधानपद सोडलं. नव्या औषधाने सावरून २०१२ मध्ये परतले आणि जवळपास आठ वर्षं टिकले. २०२० मध्ये आजार पुन्हा उसळला आणि त्यांनी राजीनामा दिला.

‘मूल होऊ देऊ नका.’ आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेकींचं बाळंतपण नीट पार पडतं. मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधं आधीच थांबवावी लागतात, पण बरीचशी चालू ठेवता येतात. घाबरून सगळीच परस्पर बंद केली आणि गरोदरपणात आजार उसळला, तर धोका त्या उसळण्याचा जास्त असतो. म्हणून हे बोलणं पोटाच्या डॉक्टरांशी दिवस राहण्याआधी करायचं.