रॉकेलचा स्टोव्ह
रॉकेलचे (केरोसिनाचे) बाष्प जाळून स्वयंपाकासाठी उष्णता देणारे घरगुती उपकरण. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी तेलावर चालणारी भट्टी बसवितात. रायगडच्या किनाऱ्यावर तिची गरज नाही. येथील घरातील तेलाचे ज्वलक म्हणजे स्टोव्हच. एरवी चूल व बंब नारळाच्या सोडणांवर आणि चुडतांवर चालत. पावसाळ्यात जळण ओले झाले की, स्टोव्हचा आधार घ्यावा लागे.

रॉकेल सु. १५०° ते ३००° से. या दरम्यान उकळते. द्रवरूपात ते नीट जळत नाही, म्हणून त्याचे आधी बाष्प करावे लागते. स्वीडनमधील एफ्. व्ही. लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास तयार केलेल्या ‘प्रायमस’ स्टोव्हमध्ये पंपाने टाकीत हवेचा दाब निर्माण करतात. त्यामुळे वर चढलेले रॉकेल तापलेल्या बर्नरच्या नळ्यांत बाष्परूप होते, बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडते आणि हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. वातीच्या स्टोव्हमध्ये दाब नसतो. केशाकर्षणाने रॉकेल वातीतून वर चढते. इंडियन ऑइलने विकसित केलेला ‘नूतन’ हा या प्रकारचा इंधन वाचविणारा स्टोव्ह होय.

ज्योत पिवळी व धुरकट असेल, तर बहुधा बर्नर पुरेसा तापलेला नसतो. हवा सोडून दाब काढावा, भडका शमू द्यावा आणि काकडा पुन्हा पेटवून बर्नर तापवावा. बर्नर तापूनही ज्योत बारीक राहिल्यास छिद्रात काजळी साचलेली असते. ती पिनेने काढतात. मात्र पीन जाड असल्यास छिद्र मोठे होऊन स्टोव्ह कायमचा बिघडतो. दांडा मारताना विरोध जाणवत नसेल, तर पंपाचे कातडी वॉशर सुकलेले असते. त्यावर खोबरेल सोडले की बहुधा काम भागते. दांडा आपोआप वर येऊ लागला किंवा पंपात रॉकेल आले, तर पंपाच्या तळाची झडप नादुरुस्त समजावी. ज्योत तडतडत विझत असल्यास रॉकेलात पाणी शिरलेले असते. पाणी जड असल्याने तळाशी बसते. म्हणून डब्यातील तळाचे रॉकेल टाकीत ओतू नये.

टाकी तीन-चतुर्थांशच भरावी, कारण दाबासाठी हवेला जागा लागते. पातळी उतरते तशी हवेची जागा वाढते आणि तोच दाब आणण्यासाठी दांडा अधिक वेळा मारावा लागतो. अनुभवी गृहिणी यावरूनच रॉकेल संपत आल्याचे ओळखत. वातीच्या स्टोव्हमध्ये पातळी फार खाली गेली, तर रॉकेल पुरेसे न चढल्याने वातच जळू लागते. पेटत्या स्टोव्हमध्ये मात्र कधीही रॉकेल ओतू नये.

भारतीय मानकानुसार रॉकेलचा प्रज्वलनांक ३५° से. पेक्षा कमी नसावा. त्यात थोडे जरी पेट्रोल मिसळले, तरी तो बराच खाली येतो व भडका उडतो. तथापि ‘स्टोव्हचा भडका’ ही नोंद नेहमीच अपघाताची नव्हती. अनेक विवाहितांचे जळून झालेले मृत्यू तिच्याआड दडविले गेले. भारतीय दंडसंहितेत १९८३ मध्ये छळाविषयीचे व १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे कलम घातले गेले, त्यामागे हा अनुभव होता. टाकी, सांधे व बर्नर यांची तपासणी म्हणूनच केवळ दुरुस्तीपुरती राहत नाही. तो पुरावाही असतो.

उरणच्या प्रकल्पात मुंबई हायच्या वायूपासून द्रवरूप पेट्रोलियम वायू वेगळा काढला जातो. हा वायू सिलिंडरांतून घरोघरी पोचल्यावर आणि २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आल्यावर स्टोव्हचा वापर फार घटला. शिधावाटप दुकानांतील निळे रॉकेलही दुर्मिळ झाले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील अनेक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला होता. अडचणीसाठी जपलेला स्टोव्ह टाकी रिकामी करून, पितळेला व बर्नरला तेलाचे बोट फिरवून, कोरड्या जागी ठेवावा. खारी हवा प्रथम पंपाची दांडी व लोखंडी पाय खाते.