ज्वालामुखीने उठविलेले गाव

गाव म्हणजे काय? घरे, देवालय आणि बाजार, की त्यांत नांदणारी माणसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण मेक्सिको देशातील मिचोआकान राज्यात जाऊ. तेथे नुएवो परांगारिकुतिरो नावाचा एक लहान ‘मुनिसिपियो’ आहे. मुनिसिपियो म्हणजे मुख्य गाव आणि भोवतालची खेडी मिळून झालेला स्वराज्य-घटक. ‘नुएवो’ म्हणजे नवे. या एका शब्दात त्याची सारी कथा आहे.

२० फेब्रुवारी १९४३ रोजी दियोनिसियो पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेताला भेग पडली व तीतून धूर आणि राख उसळू लागली. वर्षभरात तेथे तीनशे मीटरांहून उंच टेकडी उभी राहिली. हाच पारिकुतीन ज्वालामुखी. तो १९५२ पर्यंत धुमसत होता. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाचाच. पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. येथे मात्र डोंगराचा जन्म माणसांनी डोळ्यांनी पाहिला.

लाव्हा संथ गतीने सरकत असल्याने माणसे वाचली, गावे मात्र गेली. मे १९४४ मध्ये जुन्या सान हुआनच्या रहिवाशांनी आपल्या ख्रिस्तमूर्तीसह गाव सोडले आणि उरुआपान शहराजवळ नवी वस्ती केली. जुन्या गावाची खूण म्हणून काळ्या खडकातून डोकावणारा चर्चचा मनोरा उरला.

आता पोटापाण्याचा प्रश्न पाहू. शेते राखेखाली गेली, तरी पाइनच्या रानावरील पुरेपेचा समाजाचा सामाईक हक्क सुटला नव्हता. पण लाकडाचा नफा बाहेरच्या ठेकेदारांकडे जाई आणि रानाच्या धन्याच्या हाती मजुरी पडे. १९८१ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःचा वनोद्योग काढला. आरागिरणी, फर्निचरचा कारखाना, झाडांच्या चिकापासून टर्पेंटाइन व राळ काढण्याची भट्टी अशी त्याची वाढ झाली. मोठे निर्णय समाजाच्या सभेत होतात. नफा केवळ वाटून न टाकता नवी कामे, नवे रोजगार आणि झाडांची लागवड यांत घालावा, हे त्यांचे धोरण राहिले. ओंडका विकणारा गरीब राहतो, खुर्ची विकणारा तगतो, हे अर्थशास्त्र त्यांनी अनुभवाने जाणले.

दुसरे पीक अ‍ॅव्होकॅडोचे. अमेरिकेने १९१४ पासून घातलेली आयातबंदी १९९७ मध्ये मिचोआकानपुरती अंशतः उठवली आणि या फळाला मोठी बाजारपेठ मिळाली. ज्वालामुखीची माती व डोंगराळ हवा त्यास मानवते. पण फळबागेचा पैसा लवकर हाती येतो, रान वाढायला पिढी लागते; म्हणून राज्यात ठिकठिकाणी पाइन तोडून बागा झाल्या. जे रान लाव्हातून वाचले, ते भावाच्या तेजीतून वाचेल काय, हा आज त्या मुलखापुढचा खरा प्रश्न आहे.

तेव्हा गाव म्हणजे केवळ घरे नव्हेत. ती लाव्हाखाली गेली तरी गाव उरले. एकत्र बसून सामाईक धनाचा विचार करणारी माणसे म्हणजे गाव. ती बैठक मोडली, तर मात्र गाव मोडायला ज्वालामुखीची गरज लागत नाही.